अक्काचा शिंगाळा आणि थांबत थांबत चालणारं इंजिन

तेलाचा नवा पत्र्याचा डबा फोडताना तुमच्या घरी वरच्या एका कोपऱ्यात भोक पाडलं जातं आणि मग, जवळजवळ सवयीने, समोरच्या कोपऱ्यात दुसरं. तेल तर एकाच भोकातून ओतायचं असतं. मग हे दुसरं कशासाठी? ते पाडायचं राहून गेलं तर काय होतं, हेही तुम्ही पाहिलेलं असणार. धार गचके खात येते, थांबते, पुन्हा येते आणि ओटाभर शिंतोडे उडतात. अकोल्यातल्या एका महाविद्यालयात मी पदार्थविज्ञान शिकवतो. दरवर्षी नव्या वर्गाला हा प्रश्न मी पहिल्याच तासाला विचारतो आणि उत्तर येईपर्यंत खडू खाली ठेवून उभा राहतो. या मार्चमध्ये पूर्णा नदीच्या मधोमध हाच प्रश्न माझ्यासमोर आला आणि मला तो ओळखूसुद्धा आला नाही.

नदीवर जायचं कारण आधी सांगतो. धुळवडीला आमच्याकडे घरोघरी मटण शिजतं. आमच्या घरी मात्र शिंगाळा शिजतो. शिंगाळा म्हणजे पूर्णेतला मोठा मिशाळ मासा. अंगाला एकही खवला नाही, तोंडापाशी लांबलचक मिशा आणि कल्ल्यामागे दाभणासारखा काटा. माझ्या आईचा धाकटा भाऊ सुदाम, म्हणजे माझे मामाजी, तो स्वतः गळाने धरून दर धुळवडीला अकोल्याला आणतात. आईच्या लग्नानंतरच्या पहिल्या शिमग्यापासून हे चालत आलं आहे. मामाजी तिला अक्का म्हणतात, त्यामुळे आमच्याकडे त्या माशाचं नावच ‘अक्काचा शिंगाळा’ असं पडलं.

दोन वर्षांपूर्वी मामाजींचा गुडघा गेला. त्या वर्षी त्यांनी दर्यापूरच्या बाजारातून मासा आणला. आईने तो रांधला, सगळ्यांना वाढला आणि शेवटी एवढंच म्हणाली, ‘बर्फातला हाये.’ मागच्या वर्षी मामाजी आलेच नाहीत. पाय दुखतो, असा निरोप आला. यंदा फेब्रुवारीत मामींचा फोन आला. ‘हे म्हनतात, हात हालवत अक्काच्या दारात जात नाई म्हून. यंदा मासा नाई भेटला तं आता धुळवडीले अकोला बंद.’

मोठे शिंगाळे राहतात त्या डोहापर्यंत पोचणं ही अडचण होती. पूर्णेच्या काठाला काळ्या-पिवळ्या मातीच्या खोल घळी आहेत. डोहाजवळ काठ इतका उभा आहे, की दुखऱ्या गुडघ्याच्या माणसाने तिथे उतरायचं नावच काढू नये. गावाच्या घाटाला पायऱ्या आहेत आणि खाली बंधारा असल्यामुळे मार्चमध्येही डोहापर्यंत पाणी भरलेलं असतं. पण वल्ह्याने जायला तीन तास आणि यायला तीन तास लागतात. मामाजींना सहा तास पाय दुमडून बसवत नाही. म्हणजे नावेला इंजिन हवं. मी सेकंडहँड मिळवलं. छोटं, एका माणसाला उचलता येईल असं, डोक्यावरच पेट्रोलची टाकी असलेलं. अंगणात पाण्याने भरलेल्या पिंपावर ते तीन दिवस चालवून पाहिलं. प्लग, तेल, गाळणी, दोरी, सुटे भाग अशी सव्वीस कलमांची यादी केली आणि प्रत्येकापुढे बरोबरची खूण केली.

पहिला दिवस : अकोला ते पूर्णाकाठ

जठारपेठेतून निघताना आई ओसरीवर बसली होती. माळ्यावर रुंद तोंडाची पितळी कढई पालथी पडलेली होती. मासा त्याच कढईत होतो.

‘कढई काढून ठेवू का?’ मी विचारलं.

‘काहून? मासा आला का?’ आई म्हणाली. ‘आला की काढीन. तुया त्या यंत्राच्या भरवशावर मी कढई नाई घासत बसत.’

अकोल्याहून दर्यापूरला एसटी आहे. मी मात्र काळीपिवळी जीप धरली, कारण इंजिन टपावर टाकायची माझी तयारी नव्हती आणि जीपवाल्याने दोन सीटचं भाडं घेऊन ते पायाशी ठेवू दिलं. अशी यंत्रं नेणाऱ्यांनी टाकी घरीच पूर्ण रिकामी करावी. मी केली होती. तरी वास राहतोच. अर्ध्या तासाने चालकाने मान वळवली.

‘सर, हे पेट्रोलचा वास यून राहिला. मागच्या बाईले मळमळून राहिलं. थे झाकण नीट लावा ना.’

झाकण लावलेलंच होतं. त्यावर पितळेचा एक लहानसा स्क्रू असतो, तोही मी बोटांनी आवळून घट्ट केला. वास थांबला. बाईंनी आभार मानून मला एक संत्रं दिलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हरभरा निघालेली काळी रानं होती, मध्येच गहू पिवळा पडत चाललेला, आणि उन्हात तडकलेल्या मातीत तळहात सहज जाईल एवढाल्या भेगा. मी समाधानाने संत्रं सोलत बसलो.

दर्यापुरात दोन कामं उरकून घ्या. पेट्रोल घ्यायचं तर पत्र्याचा डबा सोबत हवा, प्लॅस्टिकच्या बाटलीत ते देत नाहीत आणि तेच योग्य आहे. दुसरं, प्यायचं पाणी. पूर्णेच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्टा आहे. विहिरीचं पाणी दिसतं काचेसारखं आणि लागतं मिठासारखं, त्यात तुरीची डाळही नीट शिजत नाही. स्टँडसमोर गरम आलूबोंडा आणि तर्री मिळते, ती खाऊन पुढची जीप धरावी. गावाचं नाव मात्र सांगता येणार नाही. मामाजींनी शपथ घातली आहे. ‘जागा लिहिशीन तं लोक जत्रा भरवतीन,’ असं त्यांचं म्हणणं.

संध्याकाळी मामींनी ज्वारीची भाकर आणि झुणका वाढला. नावेचा मालक गजानन भेटायला आला. हा मामाजींचा शेजारी, चाळिशीचा, गावच्या मच्छीमार सोसायटीचा सभासद. गळ टाकायची परवानगी त्यानेच काढून ठेवली होती. बाहेरच्यांनी ती काढल्याशिवाय पाण्यात उतरू नये. त्याने इंजिनाभोवती एक फेरी मारली.

‘सर, हे सुरू होते ना?’

मी त्याला सव्वीस कलमांची यादी दाखवली. त्याने ती आदराने वाचली आणि वल्ही कुठे ठेवली आहेत ते मामींना विचारलं.

दुसरा दिवस : पाण्यावर

हा होळीचा दिवस. दिवस मावळताना होळी पेटायच्या आत परतायचं आणि उद्या सकाळी मासा घेऊन अकोला गाठायचं, असा बेत होता. हातात हा एकच दिवस होता.

उजाडताच निघालो. मामाजी नावेच्या मधल्या फळीवर खुर्चीची गादी टाकून पाय लांब करून बसले. टाकी काठोकाठ भरली, दोरी ओढली, इंजिन दुसऱ्या झटक्याला सुरू झालं. पाण्यावर दुधासारखं धुकं होतं. काठावरच्या बाभळी मागे पडू लागल्या, तेव्हा मामाजींनी दोन्ही हात नावेच्या काठावर ठेवले आणि दोन वर्षांनी भेटणाऱ्या नदीकडे ते नुसतं बघत राहिले. मला अगदी कृतार्थ वाटलं. चौथ्या मिनिटाला इंजिन खोकलं आणि बंद पडलं.

आता माझी पद्धत सांगतो, कारण चूक तिच्यातच होती. इंजिनाला तीन गोष्टी लागतात: इंधन, हवा आणि ठिणगी. मी टाकीचं झाकण उघडून पेट्रोल पाहिलं, भरपूर होतं. झाकण लावलं. प्लग काढून पुसला, पुन्हा बसवला. दोरी ओढली, इंजिन सुरू. निष्कर्ष : प्लगवर काजळी होती. मी वहीत तशी नोंद केली.

सात मिनिटांनी ते पुन्हा बंद पडलं. पुन्हा झाकण, पुन्हा प्लग, पुन्हा सुरू. तिसऱ्या वेळी अकरा मिनिटं चाललं.

‘सुधारणा होत आहे,’ मी म्हणालो. ‘चार, सात, अकरा. काजळी जळून जात आहे.’

‘सर,’ गजानन वल्ह्यावर हनुवटी टेकून म्हणाला, ‘आमच्या म्हशीले ताप होता तवा डॉक्टर बी असंच म्हने. सुधारून राहिली, सुधारून राहिली.’

‘मग?’

‘मंग काय. इकली आमी.’

तापलेला प्लग निवून निघायला दर वेळी अर्धा तास जात होता. नऊ वाजले. शिंगाळा गळ घेतो तो झुंजुमुंजूला किंवा उन्हं कलल्यावर. भर दुपारी तो तळाच्या गाळात पडून असतो. सकाळची वेळ हातची निघून चालली होती. आम्ही अर्ध्या वाटेवरही नव्हतो. सुधारणा टिकावी म्हणून मी टाकी पुन्हा काठोकाठ भरली. या वेळी इंजिन चारच मिनिटं चाललं.

माझ्या नोंदींत हे कुठेच बसेना. मी गाळणी धुतली. झाकण उघडून पेट्रोल पाहिलं, नवा प्लग टाकला, सुरू झालं, सात मिनिटांनी बंद. मग सगळं उलट क्रमाने तपासलं. दहा वाजले, पाण्यावरचं ऊन डोळ्यांत जाऊ लागलं. मामाजींनी पाय दोनदा हलवून पाहिला. ते गजाननने पाहिलं.

‘काका, वल्हवत मागं फिरू का? दुपारी लय तापतीन फळ्या. तुमचा पाय...’

मागे फिरणं म्हणजे काय, हे नावेत तिघांनाही ठाऊक होतं.

‘अरुण,’ मामाजी मला म्हणाले, ‘तू आता प्लगले हात लावू नको. नुसतं थे झाकण उघड अन् लाव.’

‘मामाजी, झाकणाचा काय संबंध? पेट्रोल तर आहे.’

‘मले इंजिनातलं कायी समजत नाई. मी सकाळपासून तुया हाताकडे पाहून राहिलो. तू दर वक्ती दोन कामं करतं. झाकण उघडतं अन् प्लग पुसतं. सुरू झालं का म्हनतं, प्लगनं झालं. काहून? झाकणानं झालं नसन कशावरून?’

एका वेळी एकच गोष्ट बदला, हे वाक्य मी प्रयोगशाळेच्या भिंतीवर स्वतः लिहून लावलेलं आहे. मी प्लगला हात न लावता झाकण उघडलं. ‘सुस्स’ असा आवाज आला. तो सकाळपासून दर वेळी येत असणार, मी ऐकला नव्हता. झाकण लावलं, दोरी ओढली, इंजिन सुरू झालं.

‘फवारणीचा पंप हाये थो,’ मामाजी म्हणाले. ‘पाठीवरच्या पंपाच्या झाकणाले बारीक भोक रायते. मातीनं बुजलं का टाकी आत ओढल्यावानी होते, दांडा जड येते अन् औषद निंगत नाई. नव्या मानसाले वाटते नोझल चोंदलं. थो नोझल साफ करत बसते. अरे, पयले झाकण पाय! कपाशीच्या पराटीत चाळीस वर्सं म्या हेच केलं. तुया झाकणाले भोक कुठं हाये, थे पाय आता.’

मी झाकणाकडे पाहिलं. पितळेचा स्क्रू. काल जीपमध्ये एका बाईंना मळमळत होतं म्हणून मी तो आवळला होता. हवेची वाट तिथूनच आहे. प्रवासात तो बंद करायचा आणि इंजिन चालवताना उघडायचा. पिंपावरच्या तिन्ही दिवसांत तो उघडाच होता, म्हणून तो कधी माझ्या नजरेत आला नाही. सव्वीस कलमांच्या यादीत निघण्याची सगळी तयारी होती, पोचल्यावर करायचं एकही काम नव्हतं.

आणि मग चार, सात, अकराचं कोडं एका क्षणात सुटलं. त्याचा आनंद मला अजूनही आवरत नाही. टाकीतून पेट्रोल खाली उतरतं, तेव्हा वर जागा मोकळी होते. बाहेरून हवा आली नाही, तर आतल्या आत अडकलेल्या हवेलाच ती जागा भरावी लागते. ती विरळ होते, तिचा दाब घटतो आणि शेवटी बाहेरची हवा पेट्रोलला खाली उतरू देत नाही. टाकी काठोकाठ भरलेली असेल, तर वरची हवा चिमूटभर असते, ती लगेच विरळ होते, म्हणून चार मिनिटं. टाकी जसजशी रिकामी होते तसतशी वरची हवा वाढते, ती जास्त वेळ तग धरते, म्हणून सात, मग अकरा. मी पुन्हा टाकी भरली आणि पुन्हा चारवर आलो. आकडे सकाळपासून ओरडून खरं सांगत होते. मी त्याला सुधारणा म्हणत होतो.

हे सगळं मी नावेतच दोघांना हातवारे करून समजावलं. गजाननने शांतपणे ऐकून घेतलं.

‘म्हंजे सर, तुमी जे वर्गात शिकवता थेच ना हे?’

‘तेच.’

‘अन् पोरं पास होतात?’

मामाजी इतके हसले की नाव डुलली. मी स्क्रू दोन आटे सैल केला. त्यानंतर डोह येईपर्यंत इंजिन एकदाही थांबलं नाही.

डोह

साडेअकराला पोचलो. ही शिंगाळ्याची वेळ नव्हे, हे तिघांनाही माहीत होतं. काठाच्या सावलीत नाव बांधली, भाकर आणि मिरचीचा ठेचा खाल्ला. मामाजींनी गळाला लहान मासळी लावून दोरी तळापर्यंत सोडली आणि तर्जनीवरून घेतली. तरंगणारी खूण ते लावत नाहीत. शिंगाळ्याच्या मिशा म्हणजे त्याच्या जिभाच असतात. गढूळ पाण्यात तो डोळ्यांपेक्षा मिशांनी चव घेत शिकार शोधतो, आधी आमिषाला फक्त स्पर्श करतो. तो स्पर्श बोटावरच कळतो. मी वर्गात उपकरणाची संवेदनक्षमता शिकवतो, पण असं उपकरण मी प्रथमच इतक्या जवळून पाहत होतो. एक वाजला, दोन वाजले, तीन वाजले. ते बोट हललं नाही. गुडघ्यावर त्यांनी ओला रुमाल टाकला होता, तो मी दर पंधरा मिनिटांनी भिजवून देत होतो.

चारला गजानन म्हणाला, ‘काका, होळी...’

‘तुयी होळी कुठं पळून जाते?’ मामाजी म्हणाले. आणि लगेच, अगदी हळू आवाजात, ‘गप. पुसून राहिला थो.’

पुसतो म्हणजे विचारतो, आमिषाला मिशी लावून पाहतो. मला काहीच दिसत नव्हतं. दोरी स्थिर, पाणी स्थिर. मामाजींनी दोन वेळा बोटाने दोरी किंचित सैल सोडली. मग त्यांनी मनगट झटकलं आणि दोरी पाण्यात सरसर आत गेली. उठून उभं राहणं त्यांना शक्य नव्हतं. त्यांनी चांगला पाय नावेच्या फासळीला लावला आणि बसल्या बसल्याच माशाला थकवलं. त्याने ओढलं की ढील, तो थांबला की ओढ. गजाननने नाव फिरती ठेवली, मी जाळी धरली. ‘काट्यापासून हात दूर ठेव, बापू,’ मामाजी मला म्हणाले. ‘थो लागला तं हप्ताभर ठणकते.’ पाऊण तासाने रुपेरी पोटाचा, राखाडी पाठीचा शिंगाळा जाळीत आला. जाळीसकट वजनकाट्यावर चार किलोला थोडा जास्तच भरला. मामाजींनी त्याच्या मिशीवरून एकदा बोट फिरवलं आणि नदीकडे बघून नुसती मान हलवली.

परतीच्या वाटेवर इंजिन एका सुरात चाललं. घाटावर होळीसाठी गाव जमलं होतं. कोणीतरी ओरडलं, ‘सुदामभाऊ, भेटला का?’ मामाजींनी गजाननला फक्त जाळी वर उचलायला सांगितली. मग तिच्यासकट मासा घाटाच्या पायरीशी पाण्यातच बांधून ठेवला. असा तो सकाळपर्यंत ताजा राहतो.

परत अकोला

धुळवडीला प्रवास करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. रंग सुरू व्हायच्या आत निघा, नंतर दुपारपर्यंत वाहन मिळत नाही. आम्ही पहाटेच्या पहिल्या गाडीने निघालो. मासा ओल्या पोत्यात, पोतं मामाजींच्या मांडीवर. वाहकाने विचारलं, ‘काय हाये बाबा?’ मामाजी म्हणाले, ‘पावनी हाये. तिचं बी तिकीट फाडता का?’

जठारपेठेत शिरलो तेव्हा आई फाटकात उभी होती. दोन वर्षांनी भेटणाऱ्या भावाकडे तिने पाहिलं नाही, आधी पोतं उघडून माशाचा कल्ला वर केला. आत तांबडाभडक होता.

‘नदीतला हाये,’ ती म्हणाली.

‘मंग काय बाजारातला आनीन?’

‘आनला होता ना एका वर्सी.’

मामाजी हसले आणि ओसरीवर टेकले. मी स्वयंपाकघरात गेलो. पितळी कढई ओट्यावर होती. घासलेली, आरशासारखी लखलखीत आणि पूर्ण कोरडी, म्हणजे आमच्या येण्याच्या बऱ्याच आधी घासून ठेवलेली. मी आईकडे पाहिलं.

‘मुंग्या झाल्या होत्या तिले,’ आई म्हणाली. ‘म्हून काढली.’

जेवताना मी सगळ्यांना इंजिनाची गोष्ट सांगितली, माझी चूक धरून. मासा मामाजींनी धरला आणि बिघाडही मामाजींनीच धरला, हे मी सांगितलं तेव्हा आईने भावाच्या ताटात डोक्याचा तुकडा वाढला. आमच्याकडे तो आजवर तिच्याशिवाय कोणाला मिळालेला नाही. त्या घासाइतका अभिमान मला माझ्या पदवीचाही वाटला नव्हता. ज्या माणसाने वर्गात कधी दाब हा धडा वाचला नाही, त्याने पाठीवर पंप घेऊन पराटीच्या तासांतून चालता चालता तो शिकून ठेवला होता, आणि तो माझा मामा आहे.

माझी यादी आता अठ्ठावीस कलमांची आहे. सत्ताविसावं, पाण्यावर पोचताच झाकणाचा स्क्रू सैल करणे. अठ्ठाविसावं, एका वेळी एकच गोष्ट बदलणे.

तुम्हाला नदी, नाव, इंजिन यांतलं काहीही नको. जाड प्लॅस्टिकची एक बाटली घ्या. तळाजवळ तापवलेल्या सुईने एक बारीक भोक पाडा. भोकावर बोट ठेवून बाटली काठोकाठ भरा, झाकण घट्ट लावा आणि मोरीवर धरून बोट काढा. दोन-चार थेंब पडतील आणि धार थांबेल. आता हेच बाटली निम्मी भरून करा आणि थांबण्याआधी किती पाणी गेलं, ते चमच्याने मोजा. मग झाकण अर्धा आटा फिरवा आणि कान लावून ऐका.